गुळमट वास

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते चुका काढायला, हे आधीच कबूल करतो. कुणी लिहिलं की वळणावर पांढरी साडी दिसली, की मी खाली विचारणार... चष्म्याचा नंबर किती? आमच्या पिंपळवंडीत मित्र मला 'पुरावा' म्हणतात. "पुरावा आला रे, आता गप्पा बंद." तर अशा माणसाला आज हे लिहावं लागतंय, आणि पुरावा म्हणावा असं माझ्याकडे काही नाही.

माझे वडील, आप्पा, सव्वीस वर्षं नारायणगाव–जुन्नर जीप चालवायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले, जीप विकली. त्यांचा एक खाकी शर्ट मात्र आईने न धुता पेटीत ठेवला. इंजिन गार ठेवायला घालतात ते कूलंट, तापलं की त्याला गुळासारखा गोडसर वास येतो. तो वास त्या शर्टात मुरला होता. आई अधूनमधून पेटी उघडायची, शर्ट नाकाशी धरायची आणि पेटी लावून कामाला लागायची. आम्ही पाहिलंच नाही असं दाखवायचो.

पुढे करोनात आईला वास येणं बंद झालं. बाकीच्यांना परत यायला लागला, तिला आला नाही. दूध करपून पातेलं काळं झालं तरी ती शेजारी भाजी निवडत बसलेली. डॉक्टर म्हणाले, आता आशा कमीच. त्यानंतर तिने ती पेटी उघडली नाही. का, ते मला कळत होतं. पण तिच्याकडे विषय काढायची हिंमत झाली नाही.

यंदा टोमॅटो बाजारात न्यायला मी नवीन पिकअप घेतली. आईला ऊन सोसत नाही म्हणून एसीवाली. नारायणगावच्या शोरूममध्ये आईने गाडी ओवाळली, चाकांखाली लिंबं ठेवली. मी लिंबांकडे बघून हसलो.

"हस, हस. पण चाक फिरव आधी," आई म्हणाली.

ती माझ्या शेजारी डावीकडे बसली. गाव जवळ आलं तशी एकदम म्हणाली, "दत्ता, वास येतोय."

मी ब्रेकच मारला. चार वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"कसला गं?"

"गुळमट. तुझ्या आप्पांच्या शर्टाचा."

मी नाक ओढून ओढून बघितलं. नवीन प्लॅस्टिक आणि झेंडूचा हार, बस. पण मला गाडीचं काय, आईचं नाक परत आलं याचाच आनंद. घरी आल्यावर तिचे डोळे बांधले आणि नाकाशी हिंग धरला, कांदा धरला, अगरबत्ती धरली. पुरावा ना मी! तिला एकही ओळखता आला नाही. मग गाडीत नेऊन बसवलं.

"येतोय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शोरूम गाठलं आणि सरळ खोटं बोललो. ज्या बाईला वासच येत नाही तिला वास येतोय, हे कुणाला सांगायचं? म्हटलं, मलाच येतो. टायवाल्या साहेबाने गाडीच्या केबिनमध्ये डोकं घातलं. "सर, नवीन गाडीचा वास आहे. पंधरा दिवसांत जाईल." मी हटलो नाही. त्यांनी कूलंटची पातळी बघितली, बरोबर रेघेवर. प्रेशर लावून बघितलं, काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. चार दिवसांनी परत गेलो, परत तेच. साहेब आता माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. आयुष्यभर मी लोकांकडे जसा बघत आलो, अगदी तसा.

आईने तिच्या पद्धतीने तपास सुरू केला. आप्पा रोज संध्याकाळी जीपच्या इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचे आणि सकाळी त्यावर डाग शोधायचे. तसाच पुठ्ठा ती पिकअपखाली सरकवू लागली. रोज सकाळी पुठ्ठा कोरडा. तरी ती म्हणायची, वास हाय.

एका दुपारी जेवायला हाक मारली तर आई घरात नव्हती. ती अंगणात, गाडीत, काचा वर करून बसली होती. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर. मी दार उघडलं तेव्हा तिने डोळे पुसले नाहीत, लपवलंही नाही.

"दत्ता, दुरुस्त झाली म्हंजी जाईल का रं ह्यो वास?"

"जाईल."

तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला. माझ्या तोंडावर आलं होतं की राहू दे, नको दुरुस्त करायला. मला तर वास येतच नव्हता, माझं काय जात होतं? शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे मग वास, दुरुस्तच कर. ह्यो वास आला की तुझे आप्पा गाडी जाग्यावरनं हलवायचे न्हाईत."

पण मी हलवली. आमच्यात नवीन गाडी देवाला नेल्याशिवाय तिच्यात माल भरत नाहीत, आणि इकडे टोमॅटो लाल होऊन चालले होते. सोमवारी भीमाशंकरला निघालो. आई नको म्हणत होती, मीच रेटलं. दोनदा तपासलीय, गाडी ठणठणीत आहे, असं वर ऐकवलं. घोडेगाव सोडलं, घाटाच्या अलीकडची शिनोली आली आणि तिने माझा हात धरला.

"थांबव. लई येतोय. हिथनं वर न्हाई न्यायची."

"आई, देवाच्या वाटेवरनं माघारी फिरायचं?"

"देव कुठं जात न्हाई. गाडी फिरव."

मी गाडी फिरवली, पण चिडून. तिला घेऊन थेट शोरूमला गेलो.

साहेबाने विचारलं, "सर, वास तुम्हाला नक्की कधी येतो?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "त्याला न्हाई येत. मला येतो. आन मला चार वरसं झाली, कसलाच वास येत न्हाई."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. साहेब हसू दाबत होता. मागे गेनभाऊ म्हणून एक म्हातारे मिस्त्री हात पुसत उभे होते, ते पुढे आले.

"मालक काय करायचं तुमचं, मावशी?"

"जीपवर ड्रायव्हर व्हते."

गेनभाऊंनी मान हलवली. "बसा गाडीत. कुठनं येतो ते बोटानं दावा."

आईने डॅशबोर्डच्या खाली, स्वतःच्या पायांच्या वर बोट ठेवलं. गेनभाऊंनी तिथलं कव्हर काढलं, बॅटरी मारली. मग मला खाली वाकायला लावलं. इंजिनातलं गरम कूलंट हीटरसाठी आत आणणारा रबरी पाइप होता. त्याची क्लिप कंपनीत बसवतानाच तिरकी बसलेली, आणि पाइप नुसता टोकावर टेकलेला.

"गार इंजानावर तपासलं म्हणून धरून राहिला. घाटात इंजान तापलं असतं तर निसटला असता," ते हळूच म्हणाले. "उकळतं पाणी थेट मावशीच्या पायावर."

साहेबाचं हसू गेलं. शोरूमवाल्यांनी क्लिप बदलली, पाइपही नवीन टाकला, माफी मागितली. पण जुना पाइप काढायच्या आधीच मी गेनभाऊंना विचारलं होतं, गळत किती होतं? त्यांनी पाइपच्या सांध्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. बोट कोरडं. खालची चटई कोरडी. एक थेंबसुद्धा बाहेर आलेला नव्हता.

"मग वास कशाचा येत होता?"

"त्ये मला नका इचारू, भाऊ," ते म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे गेले.

वास येत नसलेल्या माणसाला कधीकधी भलतेच वास येतात, असं डॉक्टर सांगतात. मान्य. पण बोट बरोबर त्या पाइपवर कसं गेलं? नाकाला खोटा वास आला असेल, तर तो न सुटलेल्या कूलंटचाच का? मी खूप डोकं लावलं. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी चष्म्याचा नंबर विचारणार नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही भीमाशंकरला जाऊन आलो. आईला वाटेत वास आला नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत आलेला नाही. हिंगाचा नाही, कांद्याचा नाही, कशाचाच नाही. मला वाटलं होतं ती खचेल. पण आता ती गाडीत बसली की आधी पदर सावरते, डोळे मिटते आणि एक लांब श्वास घेते. मीही चावी फिरवायचा थांबतो.

"आला का गं?" मी विचारतो.

"न्हाई," ती म्हणते. "तुझ्या आप्पांनी बघितलीय गाडी. चल आता."