एकच भाव

आमच्या कामथडीत लग्न ठरलं की बस्ता भोरच्या एकाच दुकानात बांधला जायचा. एका मोठ्या गिरणीची गावोगाव दुकानं होती, त्यातलं ते एक. भिंतीवर पाटी होती, ‘एकच भाव’. मेथीच्या जुडीसाठी अख्खा बाजार डोक्यावर घेणारी माझी चुलती तिथं मात्र गुमान लुगडी निवडायची.

नव्वदचं दशक सरता सरता धाकट्या बहिणीच्या बस्त्याला आम्ही टेम्पो भरून गेलो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. विक्रेत्याने आम्हाला गादीवर बसवलं, चहा मागवला आणि कुणी न विचारताच म्हणाला, “तुम्ही म्हणाल तेवढं कमी करू.”

चुलतीचा हात शालूवरच थांबला. तिने पदर उलटा करून पाहिला, उजेडात धरला, वाससुद्धा घेतला. खोट काही सापडेना, तसा तिचा संशय वाढला.

“माल भिजलेला असंल,” ती माझ्या कानात म्हणाली. “न्हाईतर आपनहून कोन कमी करतंय?”

मलाही तेच वाटलं. चहा तसाच ठेवून आम्ही उठलो. तो पायरीपर्यंत मागे आला, तेव्हा तर खात्रीच पटली.

बस्ता पुण्यात बांधला. तिथं चुलतीने तासभर हुज्जत घालून भाव पाडला. पहिल्याच धुण्यात लुगड्यांनी रंग सोडला, तरी चुलती येणाऱ्याजाणाऱ्याला पाडलेला भावच सांगत राहिली.

वर्षभरात ती गिरणी बंद पडली आणि भोरच्या दुकानाला कुलूप लागलं. ते बघून चुलती म्हणाली, “म्या म्हनलं नव्हतं? कायतरी काळंबेरं हुतंच.”

मी मान डोलावली. तिच्या अंगावर त्याच दुकानातलं, माझ्या लग्नातलं लुगडं होतं. अजून नव्यासारखं.