बिनकुलपाचं कपाट

ग्रंथालयात वीस वर्षं पुस्तकं स्कॅन करणाऱ्या बाईंना सगळे मागून 'खडूस' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. संचालकसाहेबांनी ऑनलाइन ग्रंथालयाचं कंत्राट एका कंपनीला दिलं, तेव्हा भर बैठकीत बाईंनी एवढंच विचारलं, "उद्या ही कंपनी सोडली, तर आपली पुस्तकं बाहेर काढता येतील ना?"

साहेब हसले. "बाई, तुम्ही आपलं स्कॅनिंगचं बघा."

मग दारावर 'ज्ञान सर्वांसाठी खुले' अशी पाटी लागली. पुस्तकं मात्र कंपनीच्या अ‍ॅपशिवाय कुठे उघडतील तर शपथ! असला खुलेपणा बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्या दर शुक्रवारी आठवड्याभरात स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या, कुठल्याही संगणकावर उघडतील अशा साध्या प्रती डिस्कवर उतरवत आणि कोपऱ्यातल्या कपाटात ठेवत. साहेब लांबूनच पाहुण्यांना ते कपाट दाखवत, "हे आमचं पुराणवस्तू खातं."

चौथ्या वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला आणि चाळीस हजार पुस्तकं एका दुपारात गडप झाली. साहेब घाम पुसत बाईंच्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बाई, त्या कपाटाची किल्ली कुठे आहे?"

स्कॅन करताना कोरं पान आलं की बाई ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"त्याला कुलूप कधी लावलंच नाही, साहेब. चार वर्षांत तुम्ही एकदा दार ओढून बघायचं होतंत."