सांग तुझ्या मोठ्या बाबांना

सुरतेत बमरोलीतल्या आमच्या केंद्राची मी अध्यक्ष झाले, त्यात माझं कर्तृत्व शून्य. आधीचे अध्यक्ष मुलाकडे बडोद्याला राहायला निघाले आणि मंडळातल्या बाकी कुणालाच त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, घर सुरतेतच पर्वत पाटिया भागात, स्कूटर चालवते आणि मला गप्प बसता येत नाही. एवढी पात्रता पुरली. नवरा म्हणाला, हजीऱ्याच्या प्लँटमध्ये मी जन्मभर मीटिंगा केल्या, त्यातून कधी काही निघालं नाही. तुझ्याच्यानं काय निघतंय ते बघ. पगार नाही, भत्ता नाही, वर पेट्रोलही आपलंच. तरी मी हो म्हटलं, कारण दुसऱ्यांच्या घरात डोकवायची मला पहिल्यापासून खोड आहे. कुणी त्याला समाजसेवा म्हणत असेल तर म्हणू दे बापडं.

केंद्र म्हणजे एका इमारतीचा तळमजला. शाळांनी ज्यांना घेतलं नाही अशी मुलं सकाळपासून तिथं येतात. कुणाला चालता येत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणाला दोन्ही येतं पण समजायला वेळ लागतो. दुपारी म्हातारी माणसं गुडघे आणि खांदे घेऊन येतात व्यायामाला. खानदेशी, ओडिया, यूपीवाले, गुजराती, कुणालाच दार बंद नाही, हे आमचं ब्रीद. आजूबाजूला सगळे कापडाचे कारखाने. मागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, त्यामुळे तिथं सगळेच आवाज चढवून बोलतात आणि नवख्याला वाटतं भांडणं चाललीत.

मंडळात आम्ही मोजकीच माणसं. एक डॉक्टरबेन, गुजराती, फार हुशार आणि तेवढ्याच घाईच्या. एक दादा. दादा म्हणजे इमारतीचे मालक. धुळ्याकडच्या खेड्यातून मागावर काम करायला आले आणि आता त्यांचे स्वतःचे माग आहेत. तळमजला त्यांनी केंद्राला बिनभाड्याचा दिला होता. पांढरा शर्ट, कमी बोलणं, आणि बोलले की विषय संपला. गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना दादाच म्हणायची.

अध्यक्ष झाल्यावर मला पहिला झटका आला तो सुधारणेचा. मी भाषणच ठोकलं की, आपण या लोकांसाठी निर्णय घेतो, पण त्यांना विचारतो कधी? मुलांच्या आयांपैकी एक तरी मंडळात हवी. सगळ्यांना पटलं. कोण, हेही चटकन ठरलं. केंद्राच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी एक बाई यायची, मुलीला सोडायला म्हणून, आणि जाताना चार जणींना कामाला लावून जायची. गॅस कुणी उघडा ठेवला, रिक्षावाला का उशिरा आला, सगळ्याचा हिशोब मोठ्या आवाजात. मला ती भारी आवडायची. म्हटलं, हीच. टाळ्या झाल्या, हार झाला, दादांनीही टाळ्या वाजवल्या.

आणि पहिल्याच मीटिंगला ही बाई मिठाची गुळणी धरून बसली.

दाराजवळची शेवटची खुर्ची घेतली, तीही अर्धी वळवून. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. काही विचारलं की मान हलवायची. ती हो म्हणते की नाही म्हणते, तेही धड कळेना. पुढच्या मीटिंगलाही तेच, त्याच्या पुढच्याही. डॉक्टरबेन म्हणाल्या, बिचारीचा आत्मविश्वास कमी पडतोय, एखादं शिबिर करू. मी तिला माझ्या शेजारी बसवायचा प्रयत्न केला, ती गोड हसली आणि दाराशीच बसली. एकदा तर मी आभारप्रदर्शन तिच्या गळ्यात मारलं. ती उठली, हात जोडले, बसली. मीटिंग संपली की पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून तिचा खणखणीत आवाज यायचा. मला कळेना, ही एकच बाई आहे की दोन?

मग एका रविवारी दादा गावाकडे लग्नाला गेले होते. त्या मीटिंगमध्ये या बाईनं आम्हाला बोलूच दिलं नाही. संडासाच्या दाराची कडी मुलांच्या हाताला पोचत नाही, व्यायामाच्या चटया कुजल्यात, दुपारच्या म्हाताऱ्यांना पंखा लागत नाही, शिकवणाऱ्या नवीन ताईंना ओडिया येत नाही म्हणून तिकडची दोन मुलं कोपऱ्यात बसून असतात. डॉक्टरबेन बघतच राहिल्या. माझ्या डोक्यात मात्र चक्र फिरायला लागलं. आज काय वेगळं आहे? चहा तोच, नाश्त्याचा लोचो तोच, खुर्च्या त्याच. दादा तेवढे नाहीत.

मीटिंग संपल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि सरळ विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, अहो मॅडम, ते माझे भासरे ना. म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढं बोलत नसतात. त्यांच्यापुढं खुर्चीत बसत नसतात, पण तुम्ही सगळ्यांनी एवढ्या हौसेनं बसवलं, म्हणून मी दाराकडे तोंड करून बसायचे.

घ्या! आडनाव दोघांचं एकच होतं, हे मला माहीत होतं. पण अर्ध्या बमरोलीचं तेच आडनाव आहे. गल्लीत सगळ्यांना ठाऊक, केंद्रातल्या ताईंना ठाऊक, कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक. नव्हतं फक्त निवड करणाऱ्या आम्हा शहाण्यांना. मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. या काळात हे काय खूळ, म्हणून मी तिलाच दोन शब्द सुनावले. त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगते, तू बोलून घे, असंही म्हटलं. तिचं हसू गेलं. ती म्हणाली, त्यांना त्यांच्याच घरातून उठवून मी बोलणार नाही. ते वाईट नाहीत. आम्हाला सुरतेला आणलं त्यांनीच.

मग तिनं घरचं सांगितलं. तिच्या मुलीला थोड्याच महिन्यांत अठरावं पुरं होणार होतं, आणि केंद्राचा नियम होता की अठरानंतर मूल ठेवायचं नाही. मुलीचे हातपाय आखडलेले, मान डुलणारी, तोंडातून शब्द क्वचित. नवरा मागावर बारा तासांच्या पाळीला, ही मार्केटात साड्या घडी करायला. केंद्र सुरू व्हायच्या आधी ती काय करायची, तर मुलीजवळ पाणी आणि भाकरी ठेवायची आणि दाराला बाहेरून कडी लावून कामाला जायची. आता अठरा झाले की पुन्हा तीच कडी. हे दादांना माहीत आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कुणालाच नाही. त्यांचं घर वेगळं, दुसऱ्या गल्लीत. सांगायची गोष्ट आहे का ती?

पुढच्या मीटिंगला वयाची अट काढायचा ठराव होता. मीच मांडणार होते. आणि दादांचा विरोध आहे, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बाकीचे त्यांच्या तळमजल्यात बसून हात वर करणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यांना कडीची गोष्ट परस्पर सांगू शकले असते. पण ती तिची गोष्ट होती, मी कोण सांगणार?

निघता निघता माझ्यातला भोचकपणा उफाळून आलाच. मी विचारलं, मग घरी काय करता गं? त्यांना काही सांगायचं असलं, तर? गॅस संपला, पाहुणे आले, कुणी पडलं? ती म्हणाली, एखाद्या लेकराला पुढं करतो. लेकराला सांगायचं, त्यांना ऐकू जातंच. तेही लेकराला सांगतात, आम्ही ऐकतो. घरचं सगळं असंच चालतं. मला ही रीत इतकी अजब वाटली की घरी जाईपर्यंत मी स्कूटरवर एकटीच हसत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे काही फार वेगळं नाही, तू माझ्या आईशी माझ्यामार्फतच भांडायचीस. बरं बाबा, म्हटलं.

ठरावाच्या रविवारी ती आली तेव्हा खुर्चीकडे फिरकलीच नाही. भिंतीशी चटई टाकली आणि मुलीला घेऊन खाली बसली. मीटिंगला तिनं मुलीला याआधी कधी आणलं नव्हतं. मला वाटलं, घरी ठेवायला कुणी नसेल. मुलगी भिंतीला टेकून बसली, साडीच्या काठाचा एक तुकडा बोटांना गुंडाळत.

मी ठराव वाचला. दादांनी घसा साफ केला आणि शांतपणे सांगितलं की त्यांना हे पसंत नाही. लहान पोरं वेगळी. तरण्या पोरी, तरणे पोरगे एका छताखाली, सांभाळायला दोन बायका. उद्या काही वेडंवाकडं झालं तर गल्ली मॅडमना विचारणार नाही, मला विचारेल. यात काही खोटं नव्हतं. डॉक्टरबेननी पानं चाळली. आता मंजूर नाही असं म्हणावं लागणार, म्हणून मी पाणी प्यायले.

तेवढ्यात खालून आवाज आला, तोच स्वयंपाकघरातला.

"तुना मोठा बाबाले सांग," ती मुलीला म्हणाली, "पोरगी अठराची झाली म्हणून तिची भूक बदलत नाही, तिची भीती बदलत नाही."

खोलीत सगळे चपापले. दादाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय अशी की त्यांचं तोंड आपोआप मुलीकडे वळलं. तुझ्या आईला सांग, म्हणाले, मला पोरीची काळजी नाही असं नाही. काळजी आहे म्हणूनच म्हणतो, घरासारखी सुरक्षित जागा नाही. आईनं मुलीला सांगितलं, मोठ्या बाबांना विचार, घरात दिवसभर कोण असतं? मोठे बाबा मुलीला म्हणाले, आईला सांग, काहीतरी सोय करता येईल. कसली सोय ते विचार, आई म्हणाली. मध्ये पडायला डॉक्टरबेननी तोंड उघडलं, मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला. मी गुंगच झाले होते. या खोलीत त्या मुलीबद्दल किती वेळा बोलणं झालं असेल, पण तिच्याकडे बघून कुणी बोललं असेल असं मला आठवेना. आता दोन मोठी माणसं आळीपाळीनं तिच्याशीच बोलत होती, आणि ती डुलणारी मान कष्टानं एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होती.

आणि मग तिची मान दादांकडेच राहिली. तिचा जबडा हलायला लागला. मानेच्या शिरा ताणल्या. आईला वाटलं झटका येतोय, तिनं पाठीवर हात ठेवला. पण तो झटका नव्हता.

"माले कडी नको," मुलगी म्हणाली.

दादांना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, कसली कडी? आणि हे त्यांनी तिलाच विचारलं, तिच्यामार्फत कुणाला नाही. आम्ही सगळे थांबलो. मला थांबणं म्हणजे शिक्षा, पण मी थांबले. बऱ्याच वेळानं शब्द आला: दार. मग दुसरा: बाहेरून. दादांचा चेहरा उतरला. कोण लावतं, म्हणून त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"आई."

आईनं मान खाली घातली ती गुडघ्यांपर्यंत. संपलं, असं मला वाटलं. आता दादा म्हणणार, बघा, आईच पोरीला अशी ठेवते. तिला मंडळात आणून बसवणारी मीच होते. पण मुलीचं बोलणं संपलं नव्हतं. तिची बोटं काठाचा तुकडा पिळत होती आणि ती अजून दादांकडेच बघत होती.

"आई रडस," ती म्हणाली. "बाहेर. कडी लावस, मंग रडस."

आईनं डोकं वर केलं. पदर खांद्यावर घसरला होता, तिला त्याचं भान नव्हतं. तिनं पाहिलं ते थेट दादांकडे.

"माले वाटे," ती त्यांना म्हणाली, "तिले आत ऐकू येत नही."

दादांनीही नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "माले बी तसंच वाटे, तिले काही समजत नही."

हात वर करा म्हणायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. दादांनीच आठवण करून दिली, मॅडम, ठराव राहिला. आणि मी विचारायच्या आधीच त्यांनी आपला हात वर केला.