पांढऱ्या गाठींचा हरभरा

देवळ्याजवळच्या मामांच्या रानात आधी कधी हरभरा झाला नव्हता. कांदा आणि मका, एवढंच. मी नाशिकच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू हा माझा विषय, आणि मला असंच कोरं रान हवं होतं. मामा माझ्या शब्दाखातर तयार झाले. पेरणीआधी बियाण्याला जिवाणूंचं कल्चर मी स्वतः चोळलं.

पहिल्या वर्षी पीक असं आलं, की मामी आल्यागेल्याला बांधावर नेऊन दाखवायच्या. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी. म्हणजे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देत होते.

जिवाणू मातीत टिकले होते, म्हणून पुढे बियाण्याला काही चोळलं नाही. मग एका हिवाळ्यात मामांचा फोन आला.

"तुझं औषध बाद झालं का गं? हरभरा लय पिवळा पडलाय."

मी गेले. झाडं उपटली, तर मुळांवर गाठी पहिल्यापेक्षा जास्त. फोडल्या, तर आतून पांढऱ्या. आतले जिवाणू झाडाची साखर खात होते आणि बदल्यात काही देत नव्हते.

ते मी लॅबमध्ये वाढवून तपासले. ते माझे नव्हतेच. मातीतले कुठलेतरी स्थानिक, ज्यांना एरवी हरभऱ्याच्या मुळात शिरताही येत नाही. तरीही गाठी करायची जनुकं त्यांच्यात होती, आणि ती हुबेहूब माझ्या जिवाणूंची.

"कंटॅमिनेशन. बाहेरचे जिवाणू मिसळलेत," माझ्या गाइड मॅडम कागदावर नजर टाकून म्हणाल्या.

"मॅडम, प्रत्येक गाठीतून हेच येतंय."

"मग प्रत्येक वेळी तू तीच चूक करते आहेस."

मी पुन्हा सगळं केलं. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून देवळ्याची एसटी, माती लागलेल्या मुळांच्या पिशव्या, जिवाणू वाढवायच्या नव्या प्लेट्स. निकाल तोच, आणि मॅडमचं उत्तरही तेच. लॅबमधले मला सॅनिटायझरची बाटली दाखवून हसायचे. माझाच माझ्या हातांवरचा विश्वास उडायला लागला, याचा सगळ्यात जास्त संताप यायचा.

शेवटी दोन्ही जिवाणूंचा पूर्ण जिनोम वाचून घेतला. स्थानिक जिवाणूच्या जिनोममध्ये एक लांबलचक तुकडा जसाच्या तसा येऊन बसला होता. गाठींची सगळी जनुकं त्याच्यावर. असा तुकडा एका जिवाणूतून सुटून दुसऱ्यात जातो, हे मी शिकले होते. माझ्या जिवाणूंनी शेजाऱ्यांना मुळात शिरायची किल्ली देऊन टाकली होती. शेजारी आत आले, पण नत्र धरायचं काम त्यांच्या अंगच्या बाकीच्या जनुकांशी जुळत नव्हतं.

मॅडमनी स्क्रीनवर दोन्ही जिनोम शेजारी लावून तपासले.

"प्रबंधाचं शीर्षक बदलावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुझ्या जिवाणूला उत्तम जैविक खत म्हणता येणार नाही आता."

"आणि कंटॅमिनेशन?"

"ते झालं ना आता. नवा आराखडा कधी देतेस?"

मी बरोबर होते. त्याचं काही वाटण्याआधीच सगळं काम पहिल्यापासून मांडायची वेळ आली होती. पार्किंगमध्ये येऊन मी स्कूटीच्या सीटवर मूठ आपटली.

मामांना जाऊन सगळं समजावलं.

"म्हणजे हे आयतखाऊ आता मातीतून जायचे नाय?"

"लवकर नाही जाणार. पण मामा, मला अजून एकदा हरभरा हवाय. तुकडा आणखी कुणाकुणात गेला ते बघायचंय."

"यंदा सगळा कांदा लावायचा ठरलाय, बाई."

मी वाद घातला. मामी मध्ये पडल्या, तेव्हा मामांनी हरभऱ्यासाठी दोन सऱ्या सोडल्या. त्याही विहिरीच्या पलीकडच्या, मुरमाच्या, जिथे गवतसुद्धा धड येत नाही.