त्रेसष्ट वर्षांचा ठिपका

बोंग ई-रान कोरियात इंचन शहरातल्या एका वर्तमानपत्रात उमेदवारीला लागली, तेव्हा गुनसानला, तिच्या गावी, आईने सगळ्या गल्लीला सांगितलं की पोरगी पत्रकार झाली. ई-रानने ते खोडून काढलं नाही. ती संख्याशास्त्र शिकलेली. आकडेवारीच्या विभागात दोघांना सहा महिन्यांसाठी घेतलं होतं आणि शेवटी एकालाच ठेवणार होते. बातमीदारी म्हणजे माणसांना भेटणं, असं तिला वाटायचं. इथे दिवसभर तक्ते धुवायचे. रिकाम्या रांगा काढायच्या, दुबार नोंदी उडवायच्या.

"भेटतात की माणसं," प्यो सनबे म्हणाला होता. विभागात तो तिच्याहून दहा वर्षांनी जुना, म्हणून सनबे, वरिष्ठ. "एकेका ओळीत भेटतात. शिवाय कॉफी मागत नाहीत."

तिचं पहिलं मोठं काम म्हणजे वर्षभरात शहरात एकटे मेलेले लोक, ज्यांचं शव न्यायला कुणी आलं नाही. महापालिकेच्या यादीवरून तिने तक्ता केला, तक्त्यावरून संकेतस्थळावरचा नकाशा. एक ठिपका, एक माणूस. ठिपक्यावर बोट ठेवलं की वय, वस्ती आणि महिना दिसायचा, नाव नाही. मथळा होता 'दोनशे बारा ठिपके'. सगळीकडे वाचला गेला.

आठवड्याने फोन आला.

"पोरी, ते ठिपके तूच काढलेस ना? माझ्या भावाचा सापडत नाही. नातवाने दोनदा शोधला. धक्क्याजवळच्या वस्तीत नोव्हेंबरचा एकच आहे, तो बासष्टचा. आमचा त्रेसष्टचा."

"आजी, तुम्ही जुन्या हिशेबाने वय धरलं असेल. जन्मल्याबरोबर एक धरायचे तसं. आता तसं धरत नाहीत."

"मला नको शिकवूस. उंदराच्या सालातला तो. पाठीला बांधून वाढवलाय मी." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "शव नको म्हणून सही मीच दिली. सून म्हणाली, नेऊन ठेवायचं कुठे. निदान ठिपका तरी बघावा म्हटलं."

"नाव काय त्यांचं?"

"किम सांग-चोल."

ई-रानला ते नाव आठवलं. यादीत किम सांग-चोल दोन होते. वस्ती एक, महिना एक. एक बासष्टचा, एक त्रेसष्टचा. तेव्हा तिला हसू आलं होतं. कुण्या कारकुनाने जुन्या सवयीने एक वर्ष जास्त धरलं, म्हणून एकच माणूस दोनदा आला, असं तिने ताडलं आणि त्रेसष्टची ओळ उडवली. "परदेशातल्या कुठल्या यंत्राला हे सुचलं नसतं," प्यो सनबेने पाठ थोपटली होती.

आता तिने महापालिकेने एकेका मृतासाठी लावलेल्या मूळ जाहीर सूचना शोधून काढल्या. तेव्हा त्या उघडायचा कंटाळा केला होता. दोन वेगळे कागद. एकाचा जन्म साठ सालचा, बारा जनावरांच्या सालगणनेत उंदराचा. दुसऱ्याचा एकसष्ट सालचा, बैलाचा. त्या पिढीत सांग-चोल अशी हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

प्यो सनबे कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. तिने त्याला चूक सांगितली.

"कितीजण गळालेत?"

"एक."

"एकाने आलेखाची रेघसुद्धा हलत नाही."

"मथळा हलतो, सनबे."

त्याने कागदी पेला चुरगळला. "शुक्रवारी तुमच्या दोघांचं ठरतंय. सोमवारी सांग. मी आत्ता काही ऐकलेलं नाही."

"त्या आजी वाट बघतायत."

"आजी काही तुला नोकरी देणार नाहीत."

ई-रान जागेवर येऊन बसली. गुनसानची गल्ली तिच्या डोळ्यांसमोर आली, एकेक दार. मग तिने दुरुस्तीच्या तीन ओळी लिहिल्या. चूक उमेदवाराची, हे दुसऱ्याच ओळीत घातलं. गुरुवारी दुसऱ्या पानावर खाली त्या छापून आल्या.

शुक्रवारी दुसऱ्याला ठेवलं. विभागप्रमुख तिच्याशी बोलले ते टेबलावरच्या पेनाकडे बघत. तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं, असं म्हणाले.

ओळखपत्र परत करायच्या आधी एक काम उरलं होतं. तिने ती ओळ तक्त्यात पुन्हा घातली. दोनशे तेरा. यादीत घराचा पत्ता नसायचा, म्हणून ठिपका वस्तीच्या हद्दीत कुठेही टाकायचं काम यंत्राचं. धक्क्याजवळच्या वस्तीची हद्द समुद्रात थोडी आत जाते. किम सांग-चोलचा ठिपका पाण्यात पडला.

ती बघत राहिली. मग तिने तो हाताने ओढून जमिनीवर आणला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत ठेवला आणि फोन लावला.

"आजी, आला."

पलीकडे नातवाला हाक, मग खुडबुड. "हं, दिसला. त्रेसष्ट." म्हातारीने नातवाला नकाशा मोठा करायला लावला. "बाजाराच्या मागे राहायचा होय तो? वीस वर्षांत कधी सांगितलं नाही त्याने."

समोरच्या कागदावर वस्तीच्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हो," ई-रान म्हणाली.