बंद दारापुढची दहा मिनिटं

भंडाऱ्यात माझं मेडिकल आहे. औषधाच्या पाकिटावर एक्सपायरी डेट छापलेली असते, ती उलटली की माल परत पाठवता येतो. किश्श्यांची तशी सोय नाही. ते साठतच जातात. त्यातही आमच्या चित्रपट मंडळाचे किस्से म्हणजे एका सिनेमानं सगळं गोडाऊन भरून टाकलेलं आहे, म्हणून म्हटलं, थोडा माल तुमच्याकडे सरकवावा.

मंडळ म्हणजे फार मोठं काही समजू नका. आम्ही तीन माणसं. निवृत्त प्राध्यापक लांजेवार सर सिनेमा निवडतात. हटवार हा जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला आहे, तो प्रोजेक्टर लावतो. आणि मी खुर्च्या लावतो. महिन्यातून एका रविवारी, दुपारी तीन वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये फुकट सिनेमा. फुकट असूनही विसाच्या वर माणसं येत नाहीत. यावरून सरांची निवड किती उंच आहे ते कळावं.

सरांनी फार पूर्वी पुण्याला महिनाभराचं रसग्रहण शिबिर केलं होतं. तेव्हापासून ते खिडकीला फ्रेम म्हणतात आणि जांभईला प्रतिसाद.

*

तर मागच्या वर्षी सरांनी एक सिनेमा आणला. त्यात एक रिटायर माणूस आणि त्याची बायको, दोन खोल्यांचं घर. त्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं की ही आपली बायको नाहीच, तिच्या साड्या नेसून कोणी दुसरीच घरात वावरते आहे. तो तिला बारीकसारीक प्रश्न विचारून परीक्षा घेतो. ती सगळी उत्तरं बरोबर देते, आणि म्हणून तो आणखी घाबरतो. शेवटी ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. पुढची दहा मिनिटं कॅमेरा त्या बंद दारापुढे. मग दार उघडतं, आणि आत कोण आहे हे दिसायच्या आत सिनेमा संपतो.

आता हे लोकांना सांगायचं कसं? सरांनी व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला: 'नवराबायकोच्या नात्यावरची, घरातल्या घरात घडणारी संथ कथा. सहकुटुंब यावे.' यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे सर आजही सांगतात.

नव्वद माणसं आली. सासवा आल्या, सुना आल्या, एका घरून तर चिवड्याचा डबाही आला. शेजारच्या शाळेतून खुर्च्या आणण्यात अर्धा तास गेला, म्हणून सिनेमा साडेतीनला सुरू झाला. चिवडा पहिल्या वीस मिनिटांतच थांबला. पडद्यावर तो माणूस झोपलेल्या बायकोच्या चेहऱ्यावर टॉर्च मारून पाहत होता, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी सुनेला मोठ्यानं विचारलं, "यायचं लग्न कवा लागणार आहे?"

*

त्या दिवशी सरांनी एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर पाहुणे म्हणून बोलावले होते. सिनेमा संपल्यावर त्यांनी अर्धा तास मार्गदर्शन करायचं ठरलं होतं. शाल आणि नारळ तयार होता.

चाळीस मिनिटं झाली आणि पहिला माणूस उठून बाहेर गेला. तो म्हणजे हे डॉक्टर. मी त्यांच्यामागे धावलो. पार्किंगमध्ये हेल्मेट घालत ते शांतपणे म्हणाले, की हे सगळं ते आठवड्याचे सहा दिवस पाहतात, सातव्या दिवशी मुलीला पोहायला नेतात. मग गेले.

आता मार्गदर्शन कोण करणार? सरांनी. स्किझोफ्रेनियावर ते पंचवीस मिनिटं बोलले, एकदाही न अडखळता. उरलेली शाल आम्ही त्यांनाच पांघरली. लोक उठायला लागले तसे एक गृहस्थ हात जोडून पुढे आले आणि त्यांनी सरांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमचा दवाखाना कोठी आहे?"

सरांनी नाही म्हणायला बराच वेळ लावला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर गावाचे दोन तुकडे झालेले. अर्ध्यांना सिनेमा थोर वाटला होता. अर्ध्यांचं म्हणणं, फुकट होता म्हणून पैसे मागत नाही, पण आमचा रविवार परत द्या.

काउंटरमागे उभं राहिलं की माणूस न बोलताच समजतो. दुपारपर्यंत पाच जण आले. सिनेमात काही दम नाही, नुसतं दार दाखवलं, असं प्रत्येकानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर आवाज खाली करून झोपेची गोळी मागितली. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हटल्यावर ओव्याचा अर्क घेऊन गेले.

ज्यांना सिनेमा थोर वाटला होता ते सगळे टवटवीत होते. साहजिकच आहे. खुर्च्या उचलताना मी त्यांना पाहिलं होतं. हॉलमध्ये त्यांची छान झोप झाली होती.

*

भांडण खरं पेटलं ते शेवटावरून. सरांचं मत असं, की ती बाई नव्हतीच. तो माणूस एकटाच राहत होता, सगळा त्याच्या मनाचा भास. आमचे एक नियमित प्रेक्षक थोटे वकील. त्यांचं मत, त्या माणसानं बाईचा खून केला. सर म्हणाले, प्रेत कुठे आहे? वकील म्हणाले, बाईच नव्हती तर भाजी कोण निवडत होतं?

आठ दिवसांत मंडळाच्या ग्रुपचे दोन ग्रुप झाले, भासवाले आणि खूनवाले. हे दोघं चाळीस वर्षांचे मित्र, रोज सकाळी जोडीनं तलावाभोवती फिरायला जाणारे. आता एक तलावाला उजवीकडून फेरी मारू लागला, दुसरा डावीकडून. त्यामुळे रोज मधोमध गाठ पडायची आणि दोघंही पाण्याकडे पाहत पुढे जायचे.

वकिलांनी मग पेशाला शोभेल असं केलं. प्रेक्षकांच्या साक्षी लिहून घ्यायला सुरुवात केली. एका रविवारी ती फाइल घेऊन दुकानात आले. बावीस जबाब. त्यातला सगळ्यात पक्का जबाब स्टँडसमोरच्या एका झेरॉक्सवाल्याचा. त्यानं म्हणे दाराखालून येणारं रक्तही पाहिलं होतं. मी म्हटलं, वकीलसाहेब, तो माणूस त्या दिवशी साकोलीला लग्नात होता, मीपण त्याच पंगतीत जेवून मग हॉलवर आलो, तो तिथंच थांबला.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तरी जबाबात कुठं विसंगती नाही."

*

हटवारची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यानं तो सिनेमा तीनदा पाहिला, दोनदा तपासताना आणि एकदा सगळ्यांसोबत. कसा वाटला विचारलं तर म्हणाला, फोकस शेवटपर्यंत हलला नाही. एवढंच त्याचं परीक्षण.

त्याची बायको वैशाली त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरमध्ये हा डबा भरून मिळायची वाट पाहत उभा. फॅक्टरीच्या बसला दहा मिनिटं होती. वैशाली ओट्याकडे तोंड करून उभी होती. तशीच, मागे न वळता तिनं विचारलं, "माया कपाळावर डाव्या बाजूनं काय आहे?"

हटवारला वाटलं, सिनेमातली गंमत चालली आहे. तो म्हणाला, तीळ.

तिनं वळून डबा त्याच्या हातात दिला. डाव्या भुवईच्या वर टाक्यांची खूण होती, चांगली बोटाच्या पेराएवढी. "तुमच्याच गाडीवरून पडली होती मी," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुम्हीच नेलं होतं टाके घालायले."

हे त्यानं मला स्वतः सांगितलं, दुकानात, गिऱ्हाईक नसताना. त्या दिवशी त्याची बस चुकली. बस चुकली म्हणून रजा टाकली, आणि रजा टाकली म्हणून दिवसभर घरी बसून काय करायचं हे त्याला सुचेना. बारा वर्षं ज्या चेहऱ्यासमोर बसून जेवलो त्यात काय काय आहे, हे तो त्या दिवशी पाहत बसला म्हणे. वैशाली दोनदा ओरडली, असं टकमक काहून पाहून राहिले, म्हणून.

आता कोणी त्याला विचारलं, हटवार तू भासवाला की खूनवाला, तर तो प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागतो.

*

आणि शहारे काका. हे लाखांदूरजवळच्या एका खेड्यातले. धानाची शेती, वय सत्तरीच्या पुढे. आमच्या वीस प्रेक्षकांपैकी सगळ्यात लांबून येणारे. रोवणी आणि कापणीचे दिवस सोडले तर दर वेळी एसटीनं येतात, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरतात, आणि सिनेमा संपला की एक शब्द न बोलता गाडी गाठायला निघतात. सर त्यांना 'आपला मूक रसिक' म्हणायचे. म्हणजे कौतुकानंच, पण जरा उंचावरून.

त्या दिवशी सिनेमा अर्धा तास उशिरा सुरू झालेला. बाई आत गेली, दार लागलं, आणि काका घड्याळ पाहून उठले. गाडीची वेळ झाली होती. ती दहा मिनिटं त्यांची राहिली.

दोन दिवसांनी त्यांचा मला फोन. दार उघडलं का जी, म्हणून. मी म्हटलं, उघडलं. मग आत काय होतं? मी म्हटलं, काही दाखवलं नाही. काकांना वाटलं मी टाळतो आहे. त्यांनी सरांना फोन केला, सरांनी त्यांना भास समजावला. वकिलांना केला, वकिलांनी खून समजावला. हटवारला केला, तो म्हणाला की दार शेवटपर्यंत शार्प होतं.

महिनाभर असे फोन चालले. शेवटी मी विचारलं, काका, एवढं काय अडलं आहे? तेव्हा कळलं.

काकांची बायको यशोदाबाई. दोघांनाही नाटकाचं वेड. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचे दिवस सुरू झाले की आजूबाजूच्या गावांतलं एक नाटक दोघांनी सोडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर. ऑपरेशन झालं, पण उठायची इच्छाच गेली. भिंतीकडे तोंड करून पडायची, बोलणं जेवणापुरतं. म्हणून काका आमच्याकडे यायला लागले. सिनेमा पाहायचा, घरी जायचं, आणि खाटेजवळ बसून तिला सगळा सांगायचा, आवाज बदलून, उठून, बसून. आमचा मूक रसिक घरी दर महिन्याला एकपात्री प्रयोग करत होता.

ती ऐकायची, हूं म्हणायची, आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. पण या सिनेमाला ती वळली नाही. बाईनं दार लावलं, पुढं काय, तिनं विचारलं. काकांकडे पुढचं नव्हतंच. मग त्यांनी रचून सांगितलं, पोलीस आले. ती म्हणाली, पोलीस आले म्हणजे नाटक पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईची जुळी बहीण आणली. ती म्हणाली, हे वीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या नाटकातलं चोरलं तुम्ही. एकदा तर भांडणाच्या भरात ती कोपरावर जोर देऊन उठून बसली, दोन वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या बाया बोलावल्या, त्यांची मतं घेतली, सगळ्या चुकीच्या आहेत असं सांगून परत पाठवल्या. काका फोनवर हे सांगत होते आणि मागून तिचा आवाज येत होता, "मेडिकलवाल्यालेच इचारा, दार कोणी उघडलं, आतून का बाहेरून?"

मी हे सरांना सांगितलं. मग ते स्वतः वकिलांकडे गेले. दोघांनी मिळून ठरवलं, फक्त काकांसाठी तो सिनेमा पुन्हा लावायचा. गाडीची घाई नको म्हणून त्यांना हटवार कारनं घरी सोडेल.

ठरलेल्या रविवारी हॉलमध्ये आम्ही चौघं आणि काका. बरोबर तीनला सिनेमा सुरू केला. काका तिसऱ्या रांगेत, त्याच खुर्चीवर. बाई आत गेली, दार लागलं, आणि काका उठले. दुपट्टा खांद्यावर टाकून शांतपणे बाहेर.

सर त्यांच्यामागे गेले, मी सरांच्या मागे. काका पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होते. सर म्हणाले, काका, गाडीची चिंता नाही, कार उभी आहे, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, आत चला.

काका पट्टा लावून उठले. म्हणाले, "नाही जी सर. काल तिले शेवट जमला. चांगला जमला. आता हा पायला तं मले घरी जाऊन खोटं बोला लागन."