नायकभाऊंचा अंगठा

नायकभाऊंच्या गाडीत माणसं झोपायची. दिग्रसच्या स्टँडबाहेर ज्या काळी-पिवळ्या जीप उभ्या राहतात, त्यांत त्यांची जीप सर्वांत जुनी आणि सर्वांत हळू. गतिरोधक आला की ते गाडी अशी चढवायचे आणि उतरवायचे, की मांडीवरचं लेकरू कूस बदलायचं, पण उठायचं नाही. घाई असलेली माणसं दुसऱ्या जीपमध्ये बसत. बाळंतीण, म्हातारी, तापलेलं पोर मात्र नायकभाऊंसाठी थांबून राही. मीही थांबायचे. तासाभराच्या रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्रात रक्त-लघवी तपासायचं माझं काम, आणि रोजचं अपडाऊन. मला रस्त्याची भीती लहानपणापासूनची. समोरून ट्रक आला की मी डोळे मिटून घेते. नायकभाऊंच्या शेजारी बसलं की ते मिटावे लागत नसत.

त्यांचे आजोबा तांड्याचे नायक होते. पुढे तो मान दुसऱ्या घरात गेला, पण हाक यांच्याकडेच राहिली. ते म्हणायचे, "माह्या आज्याच्या बापानं बैलावर मीठ वाह्यलं, मॅडम. मी माणसं वाह्यतो. मीठ सांडलं त भरता येते." एवढं बोलून गिअर बदलायचे. पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

त्यांची मुलगी काजल यवतमाळला नर्सिंग शिकायला गेली आणि तिनं बापाला मोठ्या पडद्याचा फोन घ्यायला लावला. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा, सीट भरेपर्यंत बाप नुसता बसून असतो म्हणून तिनं त्यात एक खेळ टाकून दिला. खेळ कसला, एक पिवळं पाखरू. पडद्यावर बोट टेकवलं की ते वर उडी घेतं, नाही टेकवलं की खाली पडायला लागतं. समोरून खांब येत राहतात, काही वरून, काही खालून, आणि मधल्या फटीतून पाखरू न्यायचं. खांबाला लागलं की मेलं. पुन्हा बोट टेकवलं की जिवंत.

"एवढंच?" मी विचारलं होतं.

"एवढंच जी," ते लाजून हसले. "लहान लेकराचा खेळ आहे."

पहिले काही दिवस आम्हा सगळ्यांनाच त्याची गंमत वाटली. तांड्यावरची सोनाबाई दर बाजाराला गावठी अंडी विकायला यायची. कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे जाड बांगड्या घातलेली, जुन्या वळणाची म्हातारी. नायकभाऊ तिला याडी म्हणत, म्हणजे आई. ती मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्यावर वाकून बघायची आणि पाखरू आपटलं की ओरडायची, "मेलं रे बाप्पा!" सगळी गाडी हसायची. नायकभाऊ लगेच पुन्हा सुरू करायचे.

मग गाडी भरली तरी निघेना. "बस, एक डाव," ते म्हणायचे. तो डाव संपायचा, आणि अंगठा आपला आपण पुढचा सुरू करायचा. मी अगदी जवळून बघितलं आहे ते. चेहऱ्यावर ना आनंद ना राग. पाखरू आपटायचं तेव्हा डोळ्यांच्या कडा थोड्या आक्रसायच्या, तेवढंच. एकदा तर रस्त्यात बाभळीखाली गाडी थांबवून ते बोनेट उघडायला उतरले. इंजिन तापलं असेल असं आम्हाला वाटलं. पाणी घालायचं सोडून बोनेटच्या आड ते फोन घेऊन उभे होते. मी उतरून गेले म्हणून मला दिसलं. त्यांनी फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला."

त्या दिवशी उरलेला रस्ता मी त्यांच्या खिशाकडे बघत काढला.

"भाऊ, एवढं काय आहे हो त्यात?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "सोपं आहे न, म्हणून सुटून नाही राह्यलं. कठीण असतं त कधीच फेकून देल्लं असतं. दर खेपेला वाटते, हे त माह्याच चुकीनं मेलं, आता नाही मरणार." मग हलक्या आवाजात म्हणाले, "अन् मेलं त काही होतच नाही, मॅडम. पुन्हा भेटते."

ते हे अगदी साधेपणानं बोलले. नमुन्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून मी बसून राहिले.

फोन खिशात असायचा. गाडी चालवताना त्यांनी तो कधीच काढला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पण एका सकाळी माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. समोरून ट्रक येत होता. ट्रक जवळ आला आणि नायकभाऊंचा उजवा अंगठा स्टिअरिंगवर टेकला. टक. ट्रक गेला. पुढे मोटारसायकल आली. टक. एक बैल आडवा गेला. टक, टक. त्यांना ते माहीतही नव्हतं. मी त्या अंगठ्यावरून नजर काढू शकत नव्हते. केंद्राच्या गावी उतरल्यावर पहिल्या पेशंटचं रक्त घ्यायला मला थोडं थांबावं लागलं.

नंतर मी मागे बसून बघितलं. मागे अंगठा दिसत नसे. पण गाडीची चाल अंगाला कळायची. पूर्वी ट्रॅक्टरमागे निवांत जाणारी गाडी आता डावी-उजवी करत जागा शोधायची. दोन वाहनांमध्ये जागा दिसली की ती पुढे उसळायची. लेकरं जागी राहायला लागली, बाया बोलेनाशा झाल्या. कुणी वरच्या टप्पराची दांडी धरायचं, कुणी पुढच्याचा खांदा. सोनाबाईनं एकदा विचारलंच, "नायका, गाडी काहून उडवून राह्यला?"

"निघाली न बरोबर, याडी," ते म्हणाले, आणि ते हसले नाहीत.

संध्याकाळी सगळे उतरल्यावर मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी मुठीत धरला.

"डोळे लावले का खांब येतात, मॅडम," ते म्हणाले. "जेवतानी बायको म्हणते, ताटावर काय वाजवून राह्यले. मले वाटे का हे घरातच होते. गाडीवर बी होते?"

"होतं."

चांगली शरीरयष्टी असलेला तो पन्नाशीचा माणूस. त्या क्षणी तो इतका घाबरलेला दिसला, की माझीच भीती दुप्पट झाली. त्यांनी तिथेच माझ्या हातात फोन दिला. "काढून टाका हे. तुम्हीच काढा." मी खेळ काढून टाकला. काजलला फोन करून त्यांनी सांगितलंही, की आता फोनमध्ये काही टाकू नको.

पुढचे काही दिवस गाडी पूर्वीसारखी हळू चालली. मी पुन्हा पुढे बसायला लागले. अंगठा कधी शांत असायचा, कधी नसायचा. नसला की मी हळूच "भाऊ" म्हणायचे आणि ते तो आत दुमडून घ्यायचे. सुटेल हळूहळू, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

कापसाचे दिवस होते. रस्त्यावर जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. बाजाराचा दिवस, पेशंट कमी, म्हणून मी लवकरच आरोग्य केंद्रातून नमुने घेऊन दिग्रसला परत निघाले होते. गाडी गच्च भरलेली. मी पुढे डावीकडे, माझ्या मागच्या खिडकीशी सोनाबाई, मांडीवर अंड्यांची टोपली. उकडत होतं म्हणून तिनं कोपर खिडकीबाहेर ठेवलं होतं. नाल्यावरच्या अरुंद पुलावर आमच्या बाजूला एक ट्रक बिघडून उभा होता. समोरून कापसानं फुगलेली ट्रॉली पुलावर चढत होती. कुणीही थांबलं असतं. ट्रॉली जाईपर्यंत थांबायचं, एवढंच होतं.

गाडीचा वेग वाढला.

मी नायकभाऊंकडे बघितलं. ते पुढे बघत होते, आणि डोळ्यांच्या कडा तशाच आक्रसलेल्या. अंगठा टकटक चालला होता.

"भाऊ!" मी ओरडले. "नायकभाऊ!"

त्यांना ऐकूच गेलं नाही. ट्रॉली आणि ट्रक यांच्यामधली जागा आमच्याकडे येत होती आणि ती मला गाडीहून लहान दिसत होती. मी मागे वळून किंचाळले, "याडी, हात आत घे!"

मग पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज झाला. माझ्या बाजूचा आरसा निखळून गेला. उजवीकडून कापूस आत घुसला, सगळ्यांच्या तोंडावर, डोळ्यांवर. मागे काहीतरी कडकड फुटलं. आणि आम्ही पुलाच्या पलीकडे होतो.

त्यांनी गाडी कडेला घेतली, अगदी हळू, नेहमीसारखी. मागे ट्रॅक्टरवाला शिव्या देत होता. गाडीत कुणी रडतही नव्हतं. सोनाबाईनं हात आत ओढला होता, पण पुरता नाही. तिच्या बलिया फुटल्या होत्या. त्यांचे तुकडे दंडात रुतून रक्त येत होतं. हाड वाचलं होतं, त्या बलियांमुळेच वाचलं. मी ओढणी बांधली. मी रोज माणसांचं रक्त बघते, तरी मला गाठ मारता येईना.

नायकभाऊ उतरून तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मले ट्रक दिसलाच नाही, याडी," ते म्हणाले. "फट दिसली. अन् मनात आलं, लागलं त लागलं, पुन्हा सुरू होईन."

ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर जो काटा आला, तो पुलावरही आला नव्हता. गाडीत आम्ही पंधरा-सोळा जीव होतो.

त्यांनी चावी काढून सोनाबाईच्या ओंजळीत ठेवली. ती म्हणाली, "मले काय करायची चाबी? चाल, बाजार उठून जाईन."

"नाही याडी. माह्या हाती नको देऊ."

"हळू ने. आधी नेत होता तसा ने. मी पुढं बसते तुह्याजवळ."

तिच्या शब्दाखातर ते एकदा स्टिअरिंगमागे बसले. हात पुढे केले आणि तापल्या तव्याला लागावेत तसे मागे घेतले. माणसं दुसऱ्या जीपनं गेली. मी आणि सोनाबाई एका मोटारसायकलवाल्याला थांबवून दवाखान्यात गेलो. नायकभाऊ पायी तांड्यावर परतले. जीप त्यांच्या मेव्हण्यानं येऊन नेली आणि पुढे विकली. नायकभाऊंनी पुन्हा कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही. लोकांनी खूप समजावलं, की खेळ सुटला आहे, आता काय हरकत आहे. ते नुसते मान हलवायचे.

पुढे माझी बदली मारेगावला झाली. जाण्याआधी मी तांड्यावर भेटायला गेले. सोनाबाईचा एक हात बलियांनी पांढरा आणि एक मोकळा होता. मोकळ्या हातात तिनं काजलनं आणलेल्या हिरव्या बांगड्या घातल्या होत्या आणि त्या सगळ्यांना दाखवत होती. नायकभाऊ वावरातून आले. बारीक झाले होते.

"अजून दिसतात खांब?" मी विचारलं.

"कधी कधी. पण आता भेव लागते, मॅडम. लय भेव लागते." त्यांनी अंगठा मुठीत धरला. "तेव्हा लागत नव्हतं. तेच वाईट होतं."

मला रस्त्यापर्यंत सोडायला ते आले. एक जीप येताना दिसली, मी हात वर करणार तोच त्यांनी माझा हात खाली धरला. आत ड्रायव्हरच्या कानाला फोन होता. दुसरी आली, तिच्यात आरशापाशी फोनवर काहीतरी चाललेलं होतं. तीही त्यांनी जाऊ दिली. ऊन चढत होतं, माझी पुढची बस चुकणार होती, तरी मी थांबून राहिले. शेवटी एक म्हातारा ड्रायव्हर आला. नायकभाऊ गाडीसमोरून फिरून त्याच्या खिडकीशी गेले, त्याच्या हातांकडे, खिशाकडे बघितलं आणि म्हणाले, "काका, मॅडमले हळू न्या. त्यांले भेव लागते."

म्हाताऱ्याला हसू आलं. गाडी सुटली. मी मागे वळून निरोपाचा हात करायला हवा होता. पण मी पुढच्या सीटवर बसले होते, आणि दिग्रस येईपर्यंत मला त्या म्हाताऱ्याच्या हातांवरून नजर काढता आली नाही.